वाढदिवसाच्या आणि रिन्यूअलच्या हार्दिक शुभेच्छा

फॅमिलीच्या मेडिक्लेमचा हप्ता दरवर्षी वाढतो म्हणून तुम्ही वैतागता, एजंटकाकांना फोन लावून "अहो मागच्या वर्षी एवढा नव्हता" म्हणता आणि ते "साहेब, स्लॅब बदलला" एवढं बोलून मोकळे होतात. यावर उपाय एकदम सोपा आहे. वय वाढवू नका. पंचेचाळीसला पोचलात की तिथेच बूड टेकून बसायचं. कारण बऱ्याच कंपन्यांच्या तक्त्यात ४१ ते ४५, ४६ ते ५०, ५१ ते ५५ असे वयाचे टप्पे, म्हणजे स्लॅब, असतात, टप्प्याच्या आत वयामुळे काही होत नाही आणि टप्पा ओलांडला की एकदम उडी. (काही कंपन्या दर वर्षाला वेगळा दर लावतात, त्या दरवर्षी थोडं थोडं रडवतात.)

थांबणं जमत नसेल तर निदान जन्माला तरी नीट तारीख बघून यायचं होतं. पॉलिसी सुरू होते त्या दिवशी पूर्ण झालेलं वय धरतात, म्हणजे रिन्यूअल १० मार्चला आणि वाढदिवस १२ मार्चला असेल तर अख्खं वर्ष जुन्या दरात निघतं, पण वाढदिवस ८ मार्चला असेल तर केकची क्रीम नाकावरून पुसायच्या आत पुढचा स्लॅब. आणि आधीच पैसे भरून ठेवू म्हणजे वय आहे तिथेच राहील असल्या आयडिया लढवू नका, तारीख पॉलिसी सुरू व्हायची धरतात, तुम्ही गुगल पे केल्याची नाही.

बाकी आपल्याकडे निम्म्या ज्येष्ठ मंडळींचा वाढदिवस १ जूनला असतो. बाबा १ जून, काका १ जून, बाबांचे सकाळी फिरायला येणारे मित्र पण १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी पोराकडे एकदा बघितलं, बसतोय सहा वर्षांत म्हणाले आणि तारीख ठोकून दिली. आजीला विचारलं तर ती सांगायची की हा झाला तेव्हा नागपंचमी होऊन गेली होती आणि ओढ्याला पाणी होतं. कंपनीला ओढ्याचं पाणी चालत नाही, आधारवर जे छापलंय ते वय. तेव्हा गुरुजींनी पट भरायला म्हणून एक वर्ष वाढवून लावलं असेल तर ते आता साठ वर्षांनी तुम्ही हप्त्यातून फेडताय, फेडा.

आता सगळ्यात महत्त्वाचा सल्ला. आईबाबांना आपल्याच फ्लोटरमध्ये, म्हणजे आख्ख्या घराच्या मिळून एकाच पॉलिसीत, घाला. वेगळी पॉलिसी काढली तर लोक काय म्हणतील, म्हातारपणी आईवडलांना वेगळं काढलं? संस्कार आहेत की नाही? बहुतेक फ्लोटरमध्ये हप्ता घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो, म्हणजे तुम्ही अडतीसचे, बायको पस्तीसची, पोरगी दुसरीत आणि बाबा सहासष्टचे असतील तर कंपनीच्या हिशोबाने आख्खं घर सहासष्टचं, दुसरीतली पोरगी धरून. घरात एरवी बाबांचं कुणी ऐकत नाही, टीव्हीचा रिमोटसुद्धा त्यांच्याकडे नसतो, पण इथे त्यांच्या शब्दाला, म्हणजे वयाला, पूर्ण मान. शिवाय कव्हर एकच दहा लाखांचं, ते सगळ्यांत मिळून. ऑगस्टमध्ये बाबांच्या अँजिओप्लास्टीत आणि त्यानंतरच्या आयसीयूत निम्मं गेलं की वर्षभर बाकीच्यांनी आजारी पडायचं नाही एवढंच बघायचं. एकत्र कुटुंबात तडजोड करावी लागतेच.

त्यांची वेगळी पॉलिसी आणि आपल्या तिघांची वेगळी असा हिशोब मांडला तर बेरीज कमी येऊ शकते, पण त्यासाठी दोन्ही कोटेशन मागवून शेजारी शेजारी ठेवावी लागतात आणि तेवढा वेळ कुणाला आहे.

आणि हो, विकत घेताना प्रॉस्पेक्टसमधला हप्त्याचा तक्ता अजिबात उघडू नका. त्यात फक्त तुमच्या वयाची ओळ नसते हो, पुढच्या सगळ्या वयांच्या ओळी असतात, पन्नाशीत किती, साठीत किती, पंच्याहत्तरीत किती, आजच्या दराने का होईना पण छापलेलं असतं. ते बघितलं तर पुढे धक्का बसणार कसा? तुम्ही फक्त आपल्या ओळीवर बोट ठेवा, "परवडतंय" म्हणा आणि पीडीएफ बंद करा. तीन वर्षांचे पैसे एकदम भरले तर बऱ्याच प्लॅनमध्ये मधे टप्पा ओलांडला तरी त्या तीन वर्षांत दर बदलत नाही, वर थोडा डिस्काउंट पण मिळतो, पण एकदम एवढे पैसे कोण घालवणार, तेवढ्यात फोनचा नवीन मॉडेल येतो.

२२ सप्टेंबर २०२५ ला फ्लोटरवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून शून्य झाला तेव्हा मात्र तुम्ही स्टेटस ठेवला होतात. बरोबरच आहे, १८,००० च्या हप्त्यावर ३,२४० वाचले म्हणजे काय कमी नाही. पुढच्या रिन्यूअलला मूळ हप्ताच एकवीस हजार झाला तर तो स्टेटस गुपचूप डिलीट करा, कुणी काही म्हणणार नाही.

साठी ओलांडलेल्यांना तर आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२५ च्या जानेवारीत दिलासाच देऊन टाकला, कंपनीला त्यांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांच्या वर वाढवायचा असेल तर आधी विचारावं लागेल म्हणून. फक्त दहा टक्के! आता दरवर्षी फक्त दहा टक्के वाढला तर सात वर्षांत जवळपास दुप्पट होतो, चाळीस हजाराचे अठ्ठ्याहत्तर हजार, पण ही असली गणितं दहावीनंतर करायची नसतात. आणि तुम्ही एकोणसाठचे असाल तर तुम्हाला हे पण नाही, अजून तरुण आहात.

रिन्यूअलचं म्हणाल तर मेसेजकडे दुर्लक्ष करायचं. "प्रिय ग्राहक" म्हणून येतो ना, तोच. तीस दिवस ग्रेस असतो की. त्या तीस दिवसांत पैसे भरले तर पॉलिसी तुटत नाही, फक्त वर्षाचा हप्ता एकरकमी भरणाऱ्यांना मधल्या दिवसांत ॲडमिट झालं तर क्लेम मिळत नाही, तेव्हा डेंग्यूला सांगून ठेवा की जरा थांब. एकतिसावा दिवस उजाडला की मग खरी मजा, नवी पॉलिसी, नवं म्हणजे वाढलेलं वय, नवा मेडिकल फॉर्म आणि जुन्या आजारांसाठी परत तीन वर्षांपर्यंत वाट बघणं. आधी ते चार वर्षांपर्यंत असायचं, २०२४ मध्ये तीन केलं, बघा सरकार तुमच्यासाठी किती करतं. फॉर्मवर शुगर बीपी लिहू नका, "गोळी चालू आहे पण कंट्रोलमध्ये आहे म्हणजे नाहीच ना" हे लॉजिक हॉस्पिटलच्या केसपेपरवर "डायबेटिक सिन्स टेन इयर्स" लिहून येईपर्यंत छान चालतं.

कंपनी बदलायची असेल तरी घाई नको. रिन्यूअलच्या निदान दीड महिना आधी पोर्टिंगचा अर्ज टाकावा लागतो असं एजंट सांगतात, तुम्ही शेवटच्या दोन दिवसांत टाका, आणि शक्यतो बाबांची बायपास झाल्यावर टाका. नवी कंपनी हार घालून उभी असेल. जुन्या कंपनीला क्लेम केला म्हणून रिन्यूअल नाकारता येत नाही, नवीला मात्र "नको बाबा" म्हणता येतं, हा बारीकसा फरक आहे.

पण या सगळ्यापेक्षा बेस्ट म्हणजे स्वतःची पॉलिसी काढायचीच नाही. ऑफिसचा ग्रुप मेडिक्लेम आहे ना! आईबाबा पण त्यात, मेडिकल नाही, वाट बघणं नाही, हप्ता एचआर बघतो. अठ्ठावन्नला निरोपसमारंभ, शाल, श्रीफळ, आणि त्याच महिन्यात कव्हर संपतं. मग काढा की नवीन, २०२४ पासून वयाची पासष्टची मर्यादा पण गेलीय, सत्तरीतसुद्धा कंपनी देऊ शकते, दर आणि अटी तिच्या, वर बऱ्याच प्लॅनमध्ये को-पे म्हणून दर बिलात वीस टक्के तुमचे. सत्तरीनंतर तर आयुष्मानचं पाच लाखांचं कार्ड पण मिळतं, मधली बारा वर्षं तेवढी योगासनं करून काढायची.

आणि हे सगळं मुलाला सांगत बसू नका. तो आता चोवीसचा, पुढच्या वर्षी पंचवीस पूर्ण झाली की बऱ्याच फ्लोटरमधून बाहेर पडेल, या वयात त्याला सगळ्यात स्वस्तात पॉलिसी मिळेल, पण त्याला कशाला आत्ताच टेन्शन. परवाच जॉइन झालाय, त्याच्या ऑफिसचा ग्रुप आहेच की.