‘झोपतो जहाजावर, मग व्हिसा कशाला?’

परवा मावशीचा फोन आला. आवाजात इतका उत्साह की मला वाटलं, कुणाचं तरी लग्न ठरलं. "अगं, ग्रीसची क्रूझ बुक करतोय, पुढच्या सप्टेंबरची. आत्ता केली की पैसे वाचतात, आणि व्हिसाचीही कटकट नाही!" हे ज्ञान कुठून आलं ते विचारावं लागलं नाही. दहा मिनिटांत तो फॉरवर्ड माझ्याकडेही आला, वर तीन जहाजं आणि खाली सात नमस्कार.

त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं. क्रूझ वर्ष-दीड वर्ष आधी बुक करा. नंतर भाव उतरला तर कंपनी फरक आपोआप परत करते. मुक्काम जहाजावर असल्यामुळे व्हिसा लागत नाही. पासपोर्ट निघायच्या दिवशी चालू असला की झालं. आणि कधीही रद्द करा, पैसे पूर्ण परत.

आधी व्हिसाचं घेते, कारण बाकीच्यात खिसा हलका होईल, पण यात अख्खी ट्रिपच जाईल. मावशीची बोट अथेन्सजवळच्या पिरियस बंदरातून सुटते. वाटेत मिकोनोस, तुर्कस्तानातलं कुशादासी, रोड्स, सँटोरिनी करून परत पिरियसला येते. झोपा की जहाजावर, कोण नको म्हणतंय! पण जहाजापर्यंत जाणार कसे? अथेन्सला विमानाने उतरावं लागतं, म्हणजे शेंगेन व्हिसा (ग्रीससह युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) आला. तो नसेल तर अथेन्स राहिलं लांब, मुंबईच्या चेक-इन काउंटरवरूनच घरी.

यात एक अर्धं सत्य आहे, तेही सांगून टाकते. क्रूझने तुर्की बंदरात उतरून आसपास फिरून यायचं असेल, तर 72 तासांपर्यंत तुर्कस्तान व्हिसा मागत नाही. बहुधा कुणीतरी कुशादासीला असं उतरलं असेल आणि तेवढ्यावर जगभराचा नियम बनवला असेल. गंमत म्हणजे याच कुशादासीमुळे काम वाढतं. तिथे बोट शेंगेनच्या बाहेर जाते आणि पुन्हा आत येते. त्यामुळे एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरत नाही, मल्टिपल एन्ट्री लागते. मुंबई-गोवा बोटीवर आधार कार्ड दाखवून चढलेले काकांचे मित्रही "आम्हाला कुठे लागला व्हिसा" म्हणून साक्ष द्यायला आले होते. त्यांना नमस्कार.

आता जो नियम प्रत्येकाने स्वतः वाचावा असं मला वाटतं, तो. युरोपियन युनियनच्या व्हिसा कोडचं कलम 9, 2020च्या फेब्रुवारीपासून लागू असलेल्या दुरुस्तीसह. प्रवास सुरू होण्याच्या सहा महिन्यांपेक्षा आधी अर्जच करता येत नाही, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करावा लागतो. (जहाजावर काम करणाऱ्या खलाशांना नऊ महिने आधी करता येतो, पण मावशी खलाशी नाही.) म्हणजे दीड वर्ष आधी बुकिंग केलं तरी पहिलं वर्षभर व्हिसाचं काहीच हलणार नाही. सप्टेंबरची बोट असेल तर अर्ज मार्चमध्ये. उरलेले सगळे पैसे भरायची तारीख, ज्याला ते लोक फायनल पेमेंट म्हणतात, ती बऱ्याच कंपन्यांत निघण्याच्या साधारण तीन महिने आधी असते, म्हणजे जूनमध्ये. मार्च ते जून, एवढ्यात व्हिसा हातात यायला हवा. कागदपत्रं पुरी करणं ही प्रवाशाची जबाबदारी, असं तिकिटाच्या अटींत लिहिलेलं असतं. व्हिसा नाकारला म्हणून कंपनी हळहळत बसत नाही.

भावाचं. फरक "आपोआप" परत येतो हे खोटं. भाव उतरलाय का ते तुम्ही बघायचं, तुम्ही सांगायचं. एजंटमार्फत बुकिंग असेल तर त्याच्यामार्फत, कारण कंपनी बहुतेक वेळा तुमच्याशी थेट बोलतच नाही. फायनल पेमेंटच्या आधी, आणि तुमच्या भाड्याच्या अटींत बसत असेल, तर नवीन भाव लावून मिळू शकतो. त्यानंतर मिळालं तर नशीब. मलाच एकदा पैसे भरून झाल्यावर भाव उतरलेला दिसला होता. एजंटला चार फोन केले तेव्हा जहाजावर खर्चायचं क्रेडिट मिळालं. रोख नाहीच. न वापरलेलं वाया जाणार होतं, म्हणून शेवटच्या रात्री नवऱ्याचे डोळे मिटलेले दोन फोटो विकत घेतले.

आणि उतरलेला भाव नीट बघा. समजा केबिन 1,400 डॉलरवरून 1,250 वर आली, पण जुन्या ऑफरमधलं 100 डॉलरचं क्रेडिट नव्या भाड्यात नाही. मग वाचले 50. तेही बाल्कनीची तुलना बाल्कनीशीच केली असेल तर. जाहिरातीतला आकडा बहुधा बिनखिडकीच्या केबिनचा असतो. शिवाय आपण भरतो रुपयांत. मधल्या वर्षात डॉलर चढला की ते 50 पण गेले.

"कधीही रद्द करा" यावर शब्द खर्च करत नाही. डिपॉझिट परत न मिळणारं आहे का, एवढं एजंटकडून लेखी घ्या. व्हिसासाठी लागणारा 30,000 युरोंचा विमा आजारपणाचा असतो, रद्द झालेल्या ट्रिपचा नाही.

लवकर बुकिंग करणं चूक आहे असं मी म्हणत नाही. हवी ती केबिन मिळते, आणि काकांना जिना चढायचा नसल्याने लिफ्टजवळची हवी आहे. त्यासाठी आधी बुक करा, खुशाल.

राहिला पासपोर्ट. शेंगेनमधून बाहेर पडायच्या दिवसानंतर तो किमान तीन महिने चालू लागतो, क्रूझ कंपन्या तर बऱ्याचदा सहा महिने मागतात. मी मावशीला म्हटलं, काकांचा काढ बघू कपाटातून. फोनवर कपाटाचं दार वाजलं, प्लास्टिकच्या पिशवीची कुरकुर झाली, मग बराच वेळ काहीच नाही.

"ऑक्टोबरमध्ये संपतोय गं. पुढच्याच."

आधी तो नवा होऊ दे. नंबर बदलेल, तोही बुकिंगमध्ये बदलून घ्यावा लागेल, आणि नाव पासपोर्टवर आहे तस्संच, अक्षर न अक्षर. एजंटला म्हणावं, आठवडाभर थांब.