ट्रॅव्हल टीमच्या ऑफरवर सही करण्याआधी वर्षभराचे शनिवार-रविवार मोजा

ट्रॅव्हल टीम म्हणजे ट्रायआउट (निवड चाचणी) घेऊन मुलं निवडणारी, फी घेणारी आणि बाहेरगावच्या स्पर्धांना जाणारी क्लबची टीम. अमेरिकेत बऱ्याच सॉकर क्लबांचे ट्रायआउट मे-जूनमध्ये होतात. दोन दिवसांत ईमेल येतो, "अभिनंदन, टीममध्ये निवड झाली." उत्तर द्यायला एक-दोन दिवस मिळतात आणि डिपॉझिट बहुधा परत मिळत नाही. मूल आनंदाने उड्या मारत असतं, आईवडिलांचा ऊर भरून येतो आणि सही होते. हा निर्णय इतक्या घाईत घेण्याचा नाही, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बारा वर्षांच्या आतल्या मुलाला ट्रॅव्हल टीममध्ये घालू नये. तोवर टाउनची लीग (गावातल्याच मुलांची, पालकांनीच चालवलेली), शाळेचं मैदान आणि मित्रांबरोबरचा खेळ पुरेसा असतो. ट्रॅव्हलमध्ये शिकवणं चांगलं असतं हे खरं आहे, पण त्याची किंमत फीच्या रकमेत दिसत नाही.

साधा हिशोब करू. नऊ-दहा वर्षांच्या मुलांचं सॉकर सात विरुद्ध सात असतं आणि मॅच 25-25 मिनिटांच्या दोन हाफची. टीममध्ये 12 मुलं असतील आणि कोचने सगळ्यांना समान खेळवलं, तर एका मुलाच्या वाट्याला मॅचमागे सुमारे 29 मिनिटं येतात. टूर्नामेंटमध्ये चार मॅच धरल्या तरी दोन तास पुरे भरत नाहीत. त्यासाठी तीन तास जाणं, तीन तास येणं, प्रत्येक मॅचच्या तासभर आधी हजेरी आणि दोन मॅचच्या मध्ये पार्किंग लॉटमध्ये ताटकळणं. शिवाय रविवारी किती वाजता मोकळे होणार हे शनिवारच्या निकालांवर ठरतं, त्यामुळे रविवारी दुसरं काहीच ठरवता येत नाही.

आता पैसे. अ‍ॅस्पेन इन्स्टिट्यूट या अमेरिकी संस्थेच्या पाहणीनुसार 2024 मध्ये एका मुलाच्या मुख्य खेळावर कुटुंबाचा सरासरी खर्च 1,016 डॉलर होता, म्हणजे 2019 पेक्षा 46 टक्के जास्त. या सरासरीत टाउनच्या लीगमध्ये खेळणारी मुलंही धरलेली आहेत, त्यामुळे ट्रॅव्हलवाल्यांचा आकडा याहून बराच वर जातो. क्लबची फी हा त्यातला फक्त एक भाग. सही करण्याआधी टीम मॅनेजरला लेखी विचारा: टूर्नामेंटची एंट्री फी वार्षिक फीमध्ये धरली आहे का? कोचचं हॉटेल आणि पेट्रोल पालकांमध्ये वाटलं जातं का? युनिफॉर्म किती वर्षांनी बदलतो? मुलाला दुखापत झाली किंवा मध्येच सोडावंसं वाटलं, तर उरलेले हप्ते भरावे लागतात का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक करारांमध्ये "हो" असतं आणि ते पालकांना फार उशिरा कळतं.

हॉटेलचं गणित वेगळंच आहे. अनेक टूर्नामेंटमध्ये 'स्टे टू प्ले'चा नियम असतो: बाहेरगावच्या टीमने आयोजकांनी ठरवलेल्या कंपनीमार्फतच खोल्या घ्यायच्या, नाहीतर टीमला प्रवेश नाही. अनेकदा प्रत्येक खोलीमागे आयोजकांना वाटा मिळतो. म्हणून ओळखीच्यांकडे राहून किंवा स्वस्त हॉटेल शोधून पैसे वाचवायची सोय उरत नाही. वर्षात अशा पाच टूर्नामेंट, प्रत्येकी दोन रात्री आणि रात्रीचे 180 डॉलर धरले, तर नुसत्या खोल्यांचे 1,800 डॉलर होतात.

पैशांपेक्षा मला जास्त काळजी टाउनच्या लीगची वाटते. समजा, दहा वर्षांच्या गटात 96 मुलं आणि आठ टीम आहेत. त्यातली 14 मुलं ट्रॅव्हलला गेली. आकडा लहान वाटतो, पण ही बहुतेक अशा घरांतली मुलं असतात जिथले आईवडील खेळात रमलेले असतात. तेच कोच असतात, तेच मैदानावर चुन्याच्या रेघा मारतात, स्नॅक्सच्या स्टॉलवर उभे राहतात आणि वेळापत्रक बसवतात. म्हणजे लीगची 14 मुलं जातात आणि त्यांच्याबरोबर चार-पाच कोचही जातात. कोच नसला की टीम मोडते. सहाच टीम उरल्या की तेच ते सामने होतात, मग शेजारच्या टाउनबरोबर लीग जोडली जाते आणि दहा मिनिटांवरचं मैदान अर्ध्या तासावर जातं. उरलेले पालक म्हणतात, "इथे आता काही दम राहिला नाही," आणि पुढच्या वर्षी तेही ट्रायआउटला जातात. कोणीही वाईट वागलेलं नसतं, प्रत्येकाने आपल्या मुलाचं भलंच पाहिलेलं असतं. तरी ज्या घरात दोन्ही पालक शनिवारी कामावर असतात किंवा एकच गाडी आहे, त्या घरातल्या मुलाला खेळायला जागाच उरत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

आपल्या लोकांपुरतं बोलायचं तर रविवारची मराठी शाळा, मंडळाच्या नाटकाच्या तालमी, गणपतीची तयारी या सगळ्यांत सप्टेंबरपासून मुलं दिसेनाशी होतात. सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा एकतर घरी एकटे बसतात, नाहीतर उन्हात घडीच्या खुर्चीवर. आणि धाकट्या भावंडाचं बालपण गाडीच्या मागच्या सीटवर जातं, त्याच्या आवडीनिवडींबद्दल कोणी विचारतच नाही.

शरीराचं काय होतं, तेही नीट समजून घ्या. बेसबॉलमध्ये लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेने 2007 पासून पिचरच्या (बॅटरकडे चेंडू फेकणाऱ्याच्या) फेकींवर मर्यादा घातली आहे. 11-12 वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त 85 फेकी. 36 ते 50 फेकल्या तर पुढचे दोन दिवस विश्रांती, 51 ते 65 फेकल्या तर तीन दिवस, 66 किंवा त्याहून जास्त झाल्या तर चार दिवस. पण मूल गुरुवारी टाउनच्या टीमसाठी 50 फेकी टाकतं आणि शनिवारी ट्रॅव्हलसाठी आणखी 60. दोन्ही कोचांच्या वहीत आपापले आकडे अगदी बरोबर असतात, बेरीज मात्र कोणाकडेच नसते. ही बेरीज पालकांनीच ठेवायची. फोनमध्ये तारीख आणि फेकी लिहा आणि मॅचच्या आधीच दोन्ही कोचांना कळवा. कोपर किंवा खांदा दुखतोय असं मूल म्हणालं, तर त्या दिवशी फेकणं बंद. गोळी देऊन मैदानात उतरवू नका.

अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये सांगितलं की आठवड्यातून एक-दोन दिवस आणि वर्षातून एकूण तीन महिने, महिन्या-महिन्याच्या टप्प्यांत, मुख्य खेळाला सुट्टी असावी आणि एकाच खेळावर भर साधारण 15-16 वर्षांनंतर द्यावा. क्लबचं वेळापत्रक मागून घ्या आणि त्यात तो मोकळा महिना शोधा. बारमाही क्लबमध्ये तो सापडत नाही.

"पण कॉलेजसाठी उपयोग होईल ना?" हा प्रश्न आपल्या घरांत हमखास येतो. हायस्कूलमध्ये खेळणाऱ्यांपैकी साधारण 7 टक्के मुलं एनसीएएच्या (कॉलेजांमधले खेळ चालवणाऱ्या संघटनेच्या) कुठल्यातरी पातळीवर खेळतात, डिव्हिजन एक या सगळ्यात वरच्या पातळीवर जेमतेम 2 टक्के. डिव्हिजन तीनमध्ये खेळाची स्कॉलरशिप नसतेच, हार्वर्ड-येलसारख्या आयव्ही लीग विद्यापीठांमध्येही नाही. दहाव्या वर्षी या आशेवर पैसे ओतण्यात अर्थ नाही.

नॉर्वेसारख्या देशात 13 वर्षांच्या आत राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा नाहीत आणि 11 च्या आत गुणतक्तेही ठेवत नाहीत. तिथले खेळाडू जगात मागे पडलेले नाहीत.

ज्यांनी आधीच सही केली आहे, त्यांनी निदान एवढं करावं. सीझनच्या सुरुवातीलाच तीन शनिवार-रविवार 'येणार नाही' म्हणून टीम मॅनेजरला लेखी कळवा, आधी सांगितलं की बरेच कोच समजून घेतात. प्रत्येक टूर्नामेंटला अख्खं कुटुंब नेऊ नका. दोन-तीन घरांनी मिळून गाड्यांच्या पाळ्या लावा, म्हणजे एक पालक धाकट्याबरोबर घरी राहू शकतो. आणि मूल ट्रॅव्हलमध्ये गेलं तरी तुम्ही टाउनच्या लीगमध्ये एक सीझन कोच म्हणून नाव द्या. आठवड्याला साधारण तीन तास लागतात: एक सराव, एक मॅच आणि थोडे ईमेल. बऱ्याच ठिकाणी पार्श्वभूमी तपासणी आणि डोक्याच्या दुखापतीबद्दलचं छोटं ऑनलाइन प्रशिक्षण आधी पूर्ण करावं लागतं, म्हणून सीझनच्या महिनाभर आधी नाव नोंदवा. फॉल सीझनसाठी लीगला कोच जुलैमध्येच हवे असतात.