पडदा ओढता का?

आई-वडिलांसाठी केअर सेंटर बघायला गेलो की आपण जेवण, डॉक्टर, स्वच्छता, फी सगळं विचारतो. डायपर बदलताना पडदा ओढता का, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा.

अंथरुणाला खिळल्याने माणसाची लाज जात नाही. स्मृतिभ्रंश झालेल्यांची तर जास्तच पंचाईत. समोरचा कोण ते ओळखू येत नाही आणि कुणीतरी कपडे सोडू लागतं. मग ते घाबरून ओरबाडतात, चावतात आणि फाइलवर 'हिंसक' असा शेरा पडतो. आधी नावाने हाक मारली, काय करतोय ते सांगितलं, अंगावर चादर ठेवून लागेल तेवढाच भाग उघडा केला, तर पुष्कळदा ही वेळच येत नाही. (चादर सगळीकडे असते, त्यामुळे 'सोय नाही' हे कारण चालणार नाही.)

"बारा नंबरला आज झाली का?" हे भर हॉलमध्ये विचारलं जातं. बारा नंबरच्या आजोबांना ऐकू नीट येतं हो!

कर्मचाऱ्यांना झोडपणं सोपं आहे. एकाच्या गळ्यात पंधरा-वीस जण बांधले तर तो घाईच करणार. रात्रपाळीला किती माणसं असतात, ते चालकांना विचारा.

आणि ते फोटो! अमेरिकेत कर्मचाऱ्यांनीच रहिवाशांचे लाजिरवाणे फोटो समाजमाध्यमांवर टाकल्याची प्रकरणं निघाली. असे फोटो हा मानसिक छळच आहे, हे २०१६ मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणेला सांगावं लागलं. पण नाकात नळी असलेल्या आजींना मधे घेऊन सेल्फी काढणारे पाहुणे काय वेगळं करतात? मुलाने हो म्हटलं, म्हणजे आईने म्हटलं असं होत नाही.

खोलीत कॅमेरा लावावा का, यावर माझं मन अजून डळमळतं. मारहाणीची शंका असेल तर लावणाऱ्याला दोष देववत नाही. पण त्यात अंग पुसतानाचंही सगळं दिसतं, शेजारच्या खाटेवरचा माणूसही दिसतो. त्या दोघांना विचारल्याशिवाय लावू नये, एवढं मात्र ठाम. संयुक्त राष्ट्रांनी १९९१ मध्ये वृद्धांसाठी १८ तत्त्वं मान्य केली. संस्थेत राहतानाही खासगीपणा जपला जावा आणि आपल्या देखभालीचे निर्णय आपल्याला घेता यावेत, हा हक्क त्यांत स्पष्ट लिहिलेला आहे.

पुढच्या वेळी भेटायला जाल तेव्हा दार उघडं असलं तरी वाजवा. "आत्ता नको" असं उत्तर आलं, तर रागावू नका, बाहेर थांबा.