अक्कांच्या बहिणीला मराठी पुस्तक हवंय

आमच्या शेजारच्या अक्का मूळच्या वरंगलच्या. लग्न होऊन सोलापुरात आल्या त्याला पन्नास वर्षं होत आली. घरात आधी हातमाग होता, मग यंत्रमाग आले. मराठी छान बोलतात, भाजीवाल्याशी घासाघीसही मराठीतच करतात. वाचता मात्र येतं ते तेलुगू. देवनागरी त्यांना एसटीच्या पाट्यांपुरतीच.

या मार्चमध्ये माझ्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्याला ताण द्यायचा नाही म्हणून रोज संध्याकाळी मी त्यांना 'बनगरवाडी' वाचून दाखवायला लागले. दुसऱ्या दिवशी अक्का दारातल्या पायरीवर येऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी मी वाचायला बसायच्या आधीच त्या हजर.

व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ची. औंध संस्थानातली धनगरांची वाडी, तिथं शाळा चालवायला आलेला कोवळा मास्तर, कारभारी, आयबू, आनंदा रामोशी. वाचता वाचता मी अधूनमधून थांबत होते, अक्कांना समजावून सांगावं म्हणून. त्यांनीच मला थांबवलं. "कळतंय गं, तू वाच." मेंढरं, वाडा, दुष्काळ, माणसं जनावरं घेऊन गाव सोडून निघतात ते, यातलं काहीच त्यांना परकं नव्हतं. वाडीत तालीम बांधायचं ठरतं तिथं मी पुन्हा थांबले, तर म्हणाल्या, "तालीमखाना. आमच्याकडे पण होता."

हा शब्द माझ्या डोक्यात राहिला, कारण मी स्वतः मराठीतून हिंदीत अनुवाद करते. हिंदीत 'तालीम' म्हणजे शिक्षण. तिथं 'अखाड़ा' लिहावं लागतं, आणि मास्तराच्या गोष्टीत 'तालीम' तशीच राहिली तर वाचणारा भलतंच समजून बसतो. हिंदीची लिपी आपलीच, तरी हा खड्डा आहे. तेलुगूची लिपी आपल्याला वाचता येत नाही, आणि तिथं रस्ता सरळ आहे.

पुस्तक संपलं त्या दिवशी अक्का बराच वेळ बोलल्या नाहीत. मग विचारलं, "हे तेलुगूत मिळंल का? माझी धाकटी बहीण तिकडं वरंगलला असते. तिला वाचायची लई आवड."

मी सोलापुरातल्या दुकानांत विचारलं. हैदराबादच्या एका मैत्रिणीला तिथल्या दुकानांत पाठवलं. हाती काही लागलं नाही. इंग्रजी अनुवाद मात्र माझ्याच कपाटात निघाला, 'द व्हिलेज हॅड नो वॉल्स' नावाचा. वरंगलच्या त्या बाईंना त्याचा काय उपयोग?

तेव्हापासून हे मनात साचलंय, म्हणून आज लिहिते आहे.

आपलं लिखाण मराठीबाहेर जावं असं आपण म्हणतो तेव्हा आपल्याला बहुतेक वेळा इंग्रजी म्हणायचं असतं. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला त्या रात्री मीही पेढे वाटले. त्यानंतर ज्या ज्या कार्यक्रमांना गेले तिथं 'मराठी जगात पोहोचली पाहिजे' हे वाक्य ऐकलं. जग म्हणजे लंडन, न्यूयॉर्क. सोलापूरहून वरंगल किती लांब, कलबुर्गी किती लांब, हे कुणी काढत नाही. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. आपल्या शिवेला गुजराती, हिंदी, तेलुगू, कन्नड, कोंकणी लागून आहेत. परभाषक वाचक आधी या शिवेवर शोधायला हवा असं माझं ठाम मत आहे. त्याला तळटीप कमी लागते. दुष्काळ म्हणजे काय हे त्याला सांगावं लागत नाही.

आणि हे पूर्वी झालेलं आहे. वि. स. खांडेकर तमिळमध्ये इतके वाचले गेले की अनेक तमिळ घरांत ते आपलेच लेखक वाटायचे. 'ययाति' १९५९ची, तिला ज्ञानपीठ मिळालं १९७४ साली, पण तमिळ वाचक त्या पुरस्काराची वाट बघत थांबले नव्हते. त्यामागे का. श्री. श्री. या नावाचा एक माणूस होता. एकामागून एक खांडेकर तमिळमध्ये नेत राहिला. गुजरातीत तेच काम गोपाळराव विद्वांस यांनी केलं. खांडेकरांचं नाव आपल्याला पाठ असतं, या दोघांची नावं किती जणांना ठाऊक आहेत?

उलट्या दिशेचं उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोर आहे. कन्नड कादंबरीकार भैरप्पा मराठी वाचकाला आपले वाटतात ते अनुवादक उमा कुलकर्णींमुळे. त्यांच्या घरातली पद्धत मला फार आवडते. त्यांचे पती विरूपाक्ष कुलकर्णी कन्नड पुस्तक मोठ्याने वाचून टेप करून ठेवायचे आणि उमाताई ते ऐकून मराठीत लिहायच्या. साहित्य अकादमीने १९८९पासून अनुवादासाठी पुरस्कार सुरू केला, आणि मराठीतला तो पहिलाच त्यांच्या 'वंशवृक्ष'च्या अनुवादाला मिळाला. पण पुरस्कारापेक्षा मला त्या घरातल्या वर्षानुवर्षांच्या संध्याकाळी महत्त्वाच्या वाटतात. एकाच लेखकाचं एक, दुसरं, पाचवं, दहावं पुस्तक त्याच हातातून येत राहिलं. वाचकाला त्या आवाजाची सवय झाली, आणि मग तो त्या लेखकाचं नवीन काय आलं म्हणून विचारत दुकानात जायला लागला. एखाद्या पुस्तकाचा एक अनुवाद करून सोडून दिला तर असं होत नाही.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण यावर माझे माझ्याच क्षेत्रातल्या लोकांशी वाद झालेत. परभाषक वाचक यावा म्हणून लिखाणातला गावरानपणा कमी करा, सगळ्यांना कळेल असं लिहा, असा सल्ला नव्या लेखकांना सर्रास दिला जातो. मला तो साफ चुकीचा वाटतो. दया पवारांचं आत्मकथन 'बलुतं' हिंदीत गेलं तेव्हा त्याचं नाव 'अछूत' झालं. ते का केलं असेल हे मला कळतं, हिंदी वाचकाला एका शब्दात विषय समजतो. पण बलुतं म्हणजे गावकीच्या कामाच्या बदल्यात मिळणारा धान्याचा वाटा. त्या शब्दात गावाचा सगळा व्यवहार आहे, राबणारा कोण आणि खळ्यावर हात पसरून उभा राहणारा कोण, हे आहे. 'अछूत'मध्ये जात दिसते, तो व्यवहार दिसत नाही. पुढे २०१५च्या सुमारास जेरी पिंटोंनी इंग्रजीत नेताना 'बलुतं' हेच नाव ठेवलं. शरणकुमार लिंबाळेंच्या 'अक्करमाशी'चा हिंदी अनुवाद सूर्यनारायण रणसुभे यांनी केला आणि नाव तेच राहू दिलं. बारा माशांचा तोळा, त्यात एक मासा कमी तो अक्करमाशी, म्हणजे अनौरस, हे हिंदी वाचकानं समजून घेतलं आणि पुस्तक वाचलं. ही आत्मकथनं मराठीबाहेर दूरवर पोचली ती गुळगुळीत करून लिहिली म्हणून नव्हे. त्यांतला एकेक शब्द एकेका गावाचा, वस्तीचा होता, आणि परक्या वाचकाला नेमकं तेच हवं होतं, कारण ते त्याला दुसरीकडे मिळणार नव्हतं.

फोनवर एक बटण दाबलं की भाषांतर होतं, मग अनुवादक कशाला, असंही हल्ली ऐकते. कामचलाऊ अर्थ कळायला ते बटण चांगलं आहे, मीही वापरते. पण कारभाऱ्याच्या बोलण्यातला अधिकार आणि आयबूच्या बोलण्यातली लाचारी वेगवेगळी ऐकू यायला कुणीतरी ते आधी कानांनी ऐकलेलं असावं लागतं.

आणि अशा माणसाला आपण कसं वागवतो? माझा अनुभव सांगते. एका मराठी कादंबरीचा मी हिंदी अनुवाद केला, चौदा महिने लागले. पुस्तक आलं तर मुखपृष्ठावर माझं नाव नाही. आतल्या पानावर, छपाईच्या तपशिलांत, बारीक अक्षरात. मानधन एकरकमी ठरलं होतं, ते दोन वर्षांनी मिळालं, तेही सहा पत्रं लिहिल्यावर. हे माझं एकटीचं रडगाणं असतं तर लिहिलं नसतं. मी ओळखते त्या प्रत्येक अनुवादकाकडे अशी एक गोष्ट आहे. म्हणून तर एका पुस्तकानंतर लोक हे काम सोडून देतात, आणि मग दहा पुस्तकं एका हातातून येणार कुठून?

बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना २०२५ साली आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं तेव्हा ५० हजार पौंडांतला अर्धा वाटा अनुवादक दीपा भास्ती यांचा होता. तो त्या पुरस्काराचा नियमच आहे. तमिळनाडू सरकारनं २०२३पासून चेन्नईत आंतरराष्ट्रीय पुस्तक मेळा भरवायला सुरुवात केली आणि तमिळ पुस्तकं दुसऱ्या भाषांत नेणाऱ्यांना अनुदान ठेवलं. आपल्या संमेलनांच्या मांडवांवर जेवढा खर्च होतो त्यातल्या थोड्याशा पैशांत दरवर्षी काही मराठी पुस्तकं तेलुगू, कन्नड, गुजरातीत जाऊ शकतील. अनुवादकाला महिन्याला जगता येईल एवढं द्या, मुखपृष्ठावर नाव द्या, आणि एक नाही, पाच पुस्तकांचा करार करा. माझी मागणी एवढीच आहे आणि ती मी करत राहणार.

साने गुरुजी 'आंतरभारती' म्हणाले ते याच कामाला. आपण ते नाव शाळांना आणि कार्यक्रमांना दिलं.

तोवर आम्ही घरात एक सुरू केलंय. सासूबाईंचा डोळा बरा झाला, पण संध्याकाळचं वाचन थांबलं नाही. मी 'बनगरवाडी'चा परिच्छेद वाचते, अक्का तो तेलुगूत सांगतात, त्यांचा नातू फोनवर रेकॉर्ड करतो. छापायचं म्हटलं तर हक्क, परवानग्या सगळं रीतसर करावं लागेल. हे फक्त त्यांच्या बहिणीला ऐकायला आहे. अक्का सांगताना हात हलवतात, मेंढरांना हाकारतात, मध्येच माझ्याकडे बघून "हे बरोबर का?" विचारतात. परवा एका वाक्यावर आम्ही वीस मिनिटं अडलो होतो. शेवटी अक्कांनी त्यांच्या आईच्या तोंडचा एक शब्द काढला आणि तो चपखल बसला.

नऊ रेकॉर्डिंग वरंगलला गेलीत. काल रात्री बहिणीचा फोन आला, अक्कांनी स्पीकरवर लावला. ख्यालीखुशाली काही नाही, त्यांनी थेट विचारलं, "त्या वाडीत पाऊस पडला का?"