बीडीडीला गॅलरी कधी होती?

वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. तेव्हापासून ‘चाळ संस्कृती संपली’ असे लेख मला इथे व्हिएन्नात येत राहतात. प्रत्येकात लाकडी कठड्याची गॅलरी आणि तिथे रंगलेल्या गप्पा.

बीडीडीला गॅलरी कुठे होती? मी नायगावच्या बीडीडीत वाढले. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, मधून अंधारा पॅसेज, सगळ्यांना मिळून संडास. खोली १६० चौरस फूट. गॅलऱ्या होत्या त्या गिरगाव-लालबागच्या खासगी मालकांच्या चाळींना. १८९६ च्या प्लेगनंतर बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, त्याच्या बीआयटी चाळी वेगळ्या; परळच्या अशाच एका चाळीत बाबासाहेब कितीतरी वर्षं राहिले. आमच्या चाळी त्यानंतरच्या, १९२० च्या विकास खात्याने (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणून बीडीडी) काँक्रीटमध्ये ओतलेल्या. ज्यांना या तिन्हींतला फरक ठाऊक नाही, त्यांनी चाळीसाठी गळा काढू नये. रात्री संडासला जायचं तर आईला उठवावं लागायचं, हे त्या लेखांत कधीच येत नाही.

व्हिएन्नात मी राहते ती इमारतही मुळात कामगारांचीच. एक खोली, एक स्वयंपाकघर, नळ आणि संडास बाहेर. बासेना, म्हणजे सगळ्यांचा मिळून असलेला नळ, अजून जिन्यापाशी भिंतीवर आहे, पाणी बंद. त्या काळी इथे पाळीवाले खाटसुद्धा तासांवर भाड्याने घेत, आमच्या गिरणगावात एका गाळ्यात पाळीपाळीने माणसं झोपत तशीच. पण इमारत पाडली नाही. दोन-दोन घरं जोडली, आत न्हाणीघर आलं. ‘पाडायचं की जपायचं’ एवढ्यावरच आपल्याकडे भांडतात, तेव्हा मला राग येतो तो यासाठी.

त्याहून मोठा राग वेगळा आहे. बीडीडी उभ्या राहिल्या त्याच दशकात व्हिएन्नात कार्ल-मार्क्स-होफ या नगरपालिकेच्या कामगार वसाहतीचं काम सुरू झालं. १९३० मध्ये ते पुरं झालं तेव्हा १३८२ घरं, किलोमीटरभर लांब, प्रत्येक घरात पाणी आणि संडास. आवारात धुलाईघर, बालवाडी, वाचनालय. पैसा १९२३ च्या घरकरातून आला आणि त्याचा मोठा भार आलिशान घरांवर होता. मुंबईत कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर लावला होता, म्हणजे पैसा नव्हताच असं नाही. पण गव्हर्नर लॉईडच्या खात्याने २०७ चाळी बांधल्या त्या कामगारांना न विचारता. भाडं जास्त, काही चाळी गिरण्यांपासून लांब, म्हणून कितीतरी खोल्या रिकाम्या पडल्या. सविनय कायदेभंगाच्या वेळी वरळीच्या चाळींचा तुरुंग केला! व्हिएन्नाच्या कामगाराला १९१९ पासून शहराच्या निवडणुकीत मत होतं. मुंबईच्या महापालिकेत मत हवं तर ठरावीक भाडं किंवा कर भरावा लागे, आणि बहुतेक गिरणी कामगार त्या रेषेच्या बाहेर होते. पॅसेजमधला नळ आणि घरातला नळ यांत मला एवढाच, मताचा, फरक दिसतो.

आता ५०० चौरस फुटांचं घर फुकट मिळतंय, आणि ते मिळायलाच हवं. पण खर्च निघतो त्याच जमिनीवर विक्रीचे फ्लॅट बांधून. इथे नगरपालिका आपली घरं विकत नाही. आमच्याकडे मालकी मिळाली की पुढची पिढी ती विकून विरारला जाणार, ही भीती मी दादाला बोलून दाखवली.

दादा म्हणाला, “तू तिकडून सांगू नकोस. तुझ्या वहिनीला लिफ्ट हवी आहे.”

त्याचं खरं आहे. पात्रता यादीत नाव त्याचं आहे, माझं रेशन कार्डावरूनही लग्नानंतर कमी झालं. इथे पालिकेच्या निवडणुकीला शेजारचे मत देऊन येतात, मी नाही; पासपोर्ट भारताचा आहे आणि तो मला सोडायचा नाही. कुणाला विचारून घरं बांधली यावर मी एवढी भांडते, आणि आज दोन्हीकडे विचारलं जाणाऱ्यांत मी नाही. तरीही नायगावबद्दल बोलायचा हक्क मला हवा आहे. त्या पॅसेजमधून पाणी मीही भरलंय, लग्न होईपर्यंत रोज, आणि हे मी दादाला दरवेळी ऐकवते.