'पुसलेली मेल परत येते': एका वाचकाला उत्तर

थंडरबर्ड या मेल वाचण्या-पाठवण्याच्या प्रोग्रॅममधल्या आयमॅपवर (मेल सर्व्हरवरच ठेवून हाताळण्याच्या पद्धतीवर) मी लेख लिहिला होता. त्यावर आपण लिहिता, "थंडरबर्डमध्ये 'लगेच काढून टाका' ठेवूनही जीमेलची पुसलेली मेल 'ऑल मेल'मध्ये तशीच दिसते, म्हणजे या प्रोग्रॅमला आयमॅप धड येत नाही, लेखकाने घरच्या दहा मेलपलीकडे काही हाताळलेले दिसत नाही." मतभेदाला माझी ना नाही, पण 'घरच्या दहा मेल' हा टोला कशासाठी, हे तीनदा वाचूनही मला कळले नाही. मी २००५ पासून थंडरबर्ड वापरतो. एका छापखान्याचा डव्हकॉट हा मेल सर्व्हर मी सहा वर्षे एकट्याने सांभाळला, आणि तिथल्या हिशेबनिसांच्या इनबॉक्समध्येच चाळीस हजार मेल होत्या.

लेखात सुरक्षित जोडणीच्या पोर्टचा (सर्व्हरच्या ज्या 'दारा'शी प्रोग्रॅम जोडला जातो त्याचा) आकडा ९९३ ऐवजी १४३ छापला गेला, ही चूक मात्र माझी. ती दुरुस्त केली आहे, दाखवल्याबद्दल आभार. (आपल्या प्रतिक्रियेतले तेवढे एकच वाक्य सरळ होते.)

आता आपल्या त्या 'धड'कडे वळतो. आयमॅपच्या लेखी मेल फोल्डरमध्ये राहते. जीमेलच्या लेखी ती एकदाच साठवलेली असते आणि तिला लेबले चिकटवलेली असतात. आयमॅपने बोलताना जीमेल प्रत्येक लेबल फोल्डर म्हणून पुढे करते, त्यामुळे तीन लेबलांची एक मेल तीन ठिकाणी आणि वर 'ऑल मेल'मध्ये चौथ्यांदा दिसते. थंडरबर्डची मूळ सेटिंग मेल ट्रॅशमध्ये हलवण्याची आहे, आणि ती जीमेललाही नीट कळते. आपण ती बदललीत. तसे केल्यावर थंडरबर्ड इनबॉक्समधली नोंद काढायला सांगतो, आणि जीमेल, तिकडचे सेटिंग बदललेले नसेल तर, फक्त इनबॉक्सचे लेबल सोडवून मेल ठेवून देते. हीच आज्ञा डव्हकॉटला मिळाली की मेल खरोखरच जाते. छापखान्यात एकदा अशीच गेली, आणि बॅकअपमधून ती शोधण्यात माझा रविवार गेला. आज्ञा एकच, तिचा अर्थ लावणारे सर्व्हर दोन. यात थंडरबर्डला काय येत नाही, ते आपणच सांगावे.

एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर), शोध आणि कॅलेंडर यांबद्दलची आपली तक्रार माझ्या विषयाबाहेरची आहे. लेख आयमॅपवर होता, हे शीर्षकातच होते. एक्स्चेंजच्या मेलसाठी थंडरबर्डमध्ये आवृत्ती १४५ पासून थेट सोय आहे, एवढे सांगून थांबतो.

खात्याच्या सर्व्हर सेटिंगमध्ये 'ट्रॅशमध्ये हलवा' पुन्हा निवडून पाहा. त्यानंतरही मेल परत आली तर अवश्य कळवा, शक्यतो विशेषणांशिवाय.