देठाचा श, पाकळीचा ल आणि मध्ये मी

फॉन्ट विकणाऱ्यांच्या जाहिरातीत एक आकडा हमखास असतो: ‘नऊशेहून अधिक ग्लिफ्स!’, म्हणजे अक्षरांचे तितके आकार. हे वाचून ज्याला आनंद होतो तो नवखा. ज्याच्या पोटात गोळा येतो तो लग्नपत्रिका करणारा. मी दुसऱ्या जमातीतला.

युनिकोडने, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या व्यवस्थेने, देवनागरीच्या मूळ वस्तीला १२८ घरं दिली आहेत. स्वर, व्यंजनं, काना, वेलांट्या, आकडे ही सगळी मंडळी तिथे नावपत्त्यासह राहतात. उरलेले शेकडो आकार, म्हणजे जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, आखूड-लांब वेलांट्या, ‘श’चे दोन-तीन अवतार, यांना स्वतंत्र पत्ताच नाही. चाळीतल्या पोटभाडेकरूंसारखे ते मूळ अक्षराच्या नावावर राहतात, आणि दार वाजलं की कोणी उघडायचं हे फॉन्टच्या पोटातले नियम ठरवतात. १९९६ मध्ये ओपनटाइप जाहीर झालं, ते या नियमांचंच बाड. त्यातला एक नियम मजकुराची भाषा बघून अक्षर बदलतो. पुढचं सगळं रामायण त्याच्यामुळे.

वधू शलाका, वर शैलेश. दोघांच्या आईवडिलांनी नावं ठेवताना माझा विचार केलेला नव्हता. मराठी वळणाचा ‘श’ देठाचा आणि ‘ल’ पाकळीचा. शासनाने २०२२ मध्ये निर्णय काढून ते पुन्हा बजावलंसुद्धा आहे. हिंदी वळणाचा ‘ल’ दांड्याचा, ‘श’ शेंडीचा. बऱ्याच फॉन्टांत दोन्ही जोड्या असतात. कोणती आधी दिसेल हे फॉन्ट करणाऱ्याच्या मर्जीवर, आणि ती मर्जी अनेकदा हिंदीकडे झुकलेली.

पहिला नमुना गेला आणि वधूच्या मामांचा फोन आला. मामा निवृत्त मुख्याध्यापक. मुख्याध्यापक शाळेतून निवृत्त होतात, शुद्धलेखनातून होत नाहीत.

“अहो, आमची शलाका हिंदी कधीपासून झाली?”

“मामा, फॉन्टमध्ये दोन्ही आहेत. बदलून देतो.”

“दोन्ही आहेत, तर चुकीचं आधी कसं दिसतं?”

या प्रश्नाला उत्तर आहे, पण ते फोनवर देण्यासारखं नाही. आमच्या सॉफ्टवेअरची समजूत अशी की जगातला प्रत्येक मजकूर जन्मतः अमेरिकन इंग्रजी असतो. ‘चि. सौ. कां. शलाका’ हेही त्याच्या लेखी अमेरिकन इंग्रजीच. मजकूर निवडून, अक्षरांच्या पॅनेलमधल्या भाषेच्या यादीत खाली खाली जात ‘मराठी’ शोधायचं. ते निवडलं की, फॉन्ट करणाऱ्याने सोय ठेवली असेल तर, सगळे ‘ल’ आणि ‘श’ एका झटक्यात मराठी होतात. संगणकावर मला आजही टाळी वाजवावीशी वाटते ती या एका क्षणाला. पण ही यादी उघडणारी माणसं फार थोडी. बाकीचे एकेक ‘श’ निवडून ग्लिफ्सच्या तक्त्यातून हाताने बदलत बसतात, आणि मजकुरात चाळीस ‘श’ असले की एकोणचाळीसच बदलतात. उरलेला एक ‘शुभ’मध्ये सापडतो, तोही छपाईनंतर.

त्या मानाने ‘तिरो देवनागरी’ हे फॉन्ट करणाऱ्यांचं डोकं मला मराठी माणसाचं वाटतं. त्यांनी हिंदी, मराठी आणि संस्कृत अशी तीन वेगळी कुटुंबंच करून टाकली. ज्याचं त्याने न्यावं, वाद नको.

वर पुण्यात आयटीत. त्याने एका इंग्रजी पत्रिकेचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, “दादा, अशी अक्षरं जरा मोकळी सोडा ना. प्रीमियम वाटतं.” इंग्रजी अक्षरं मोकळी सोडली तर प्रीमियम वाटत असतीलही. देवनागरीत अक्षरं मोकळी सोडली की शिरोरेषा तुटते. ‘शैलेश’च्या डोक्यावर दोन फटी पडल्या, त्या मी त्याला मोठ्या करून दाखवल्या. त्यावर त्याने अंगठा पाठवला. तो होकाराचा की निरोपाचा हे अजून कळलेलं नाही.

‘पर्यायी अक्षरसंच’ नावाचा आणखी एक मेनू आहे. संच एक ते संच वीस. त्यांना नावं देण्याची सोय फॉन्टमध्ये असते, पण ती देण्याइतका वेळ फार जणांना मिळालेला दिसत नाही. म्हणजे संच चारमध्ये काय आहे हे कळायला संच चार लावून बघायचा. लावल्यावर काहीच बदललेलं दिसत नाही, म्हणून पाच लावायचा. तेवढ्यात तिसऱ्या ओळीतल्या ‘झ’ने टोपी बदललेली लक्षात येते, पण ती चारने बदलली की पाचने, हे कोण सांगणार? माहितीपत्रकात सगळं दिलेलं असतं म्हणे. ते पत्रक फॉन्टच्या झिप फाइलमध्ये असतं आणि तिथून ते आजवर कोणी बाहेर काढल्याचं ऐकिवात नाही.

सगळ्यात जास्त जीव मात्र माझा वेलांटीत अडकतो. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे उभी राहते आणि वरून कमान टाकून त्या अक्षराच्या दांड्यापर्यंत पोचते. ‘चि’मध्ये हे अंतर थोडं. पण ‘उपस्थिती’ घ्या. तिथे ‘स्थ’ हे रुंद जोडाक्षर ओलांडून तिला ‘थ’चा दांडा गाठायचा असतो. म्हणून चांगल्या फॉन्टात वेगवेगळ्या रुंदीच्या कितीतरी वेलांट्या काढून ठेवलेल्या असतात आणि पुढच्या अक्षराचं माप बघून त्यातली एक आपोआप पुढे येते. पण आपोआप कधी? काही फॉन्टांत, मेनूमधला ‘संदर्भानुसार पर्याय’ चालू असेल तरच. तो बंद असेल तर ‘चि’ची आखूड वेलांटी ‘स्थ’वर येते आणि तिची कमान अर्ध्या वाटेत ‘स’च्या डोक्यावरच संपते. सहाशे टक्के मोठं करून बघितलं की हे असं काळजाला लागतं! मी पर्याय चालू केला, कमान दांड्यावर नेमकी टेकली आणि मी खुर्चीत मागे रेललो. वधूच्या आई शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “छान. आता ते गणपती जरा मोठे करा.”

त्यांनाच पुढे ‘वऱ्हाडी’ खटकलं. “हा केस कसला पडलाय ‘ह’वर?” तो केस म्हणजे मराठीचा खास अर्धा ‘र’. तो लिहायच्या दोन रीती आहेत: एकीत नुक्त्याचा ‘ऱ’ पाय मोडून घ्यायचा, दुसरीत साध्या ‘र’ला हलन्त देऊन मागे एक न दिसणारं, शून्य रुंदीचं चिन्ह लावायचं. दिसायला दोन्ही सारखे. पण दुसऱ्या रीतीचा मजकूर इकडून तिकडे चिकटवताना ते न दिसणारं चिन्ह गळालं की ‘वऱ्हाडी’चे ‘वर्हाडी’ होतात आणि रफार डोक्यावर घेऊन मांडवात येतात. मामांनी ते बरोबर पकडलं असतं, म्हणून मी केस ठेवला.

गुरुजींकडून आलेला मंगलाष्टकांचा मजकूर ही वेगळीच गंमत. तो युनिकोडच्या आधीच्या कुठल्याशा फॉन्टात टंकलेला. माझ्याकडे उघडल्यावर गणेशस्तवनाच्या जागी रोमन अक्षरं, कंस आणि मध्येच एक डॉलर. गुरुजी म्हणाले, “आमच्याकडे नीट दिसतंय.” यावर कोणत्याही काळात कोणालाही उत्तर सुचलेलं नाही.

मला कधी कधी जावजी दादाजींच्या काळातल्या जुळाऱ्यांचा, म्हणजे छपाईचे शिशाचे खिळे जुळवणाऱ्यांचा, हेवा वाटतो. मुंबईत १८६९ मध्ये जावजींचा निर्णयसागर छापखाना निघाला. त्यांच्या देवनागरी खिळ्यांचं वळण इतकं देखणं की जुन्या पोथ्यांतून ते आजही ओळखू येतं. देवनागरीची केस, म्हणजे खिळ्यांची पेटी, हा शेकडो खणांचा संसार, हात भरून यायचे, शिसं अंगात जायचं, सगळं कबूल. पण मुलीचे मामा ‘दुसरा ल दाखवा’ म्हणाले असते तर जुळारी शांतपणे म्हणाला असता, “ओतून आणा.” विषय संपला. माझ्याकडे ‘नाही’ म्हणायला जागाच नाही. तक्ता उघडा असतो आणि मामा मागे उभे असतात.

शेवटी सगळं जमलं. श देठाचे, ल पाकळीचे, वेलांट्या जागेवर, गणपती मोठे. मामांनी चष्मा वर करून एकेक ओळ बोटाने वाचली आणि म्हणाले, “आता बरं वाटतंय.” मग त्यांनी तोच मजकूर व्हॉट्सॲपवर मागवला. नातेवाइकांना पाठवायला, साध्या अक्षरांत. मी पाठवला. दोन मिनिटांत फोन.

“अहो, श परत हिंदी झाला!”

मी त्यांना समजावून सांगितलं की पाकळी आणि देठ फॉन्टमध्ये असतात, मजकुरात नसतात. मजकुरात फक्त ‘श’ हा पत्ता जातो, आणि त्या पत्त्यावर कोणता ‘श’ दार उघडेल हे समोरच्याच्या फोनमधला फॉन्ट ठरवतो. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे नागपूरच्या वहिनींना हिंदी शलाका जाणार?”

“त्यांच्या फोनवर अवलंबून आहे.”

“मग असं करा, त्यांच्या फोनची सेटिंग तुम्हीच बघा. नंबर देतो.”

वहिनींशी बोलून झाल्यावर मी फाइल कर्व्ह केली. प्रेसवाल्याकडे फॉन्ट नसतो, म्हणून सगळी अक्षरं आकार करून टाकायची असतात. त्यानंतर तो मजकूर राहत नाही, फक्त चित्र उरतं. त्यात पोटभाडेकरू नाहीत आणि भाषाही नाही. फाइल प्रेसला पोचली. प्लेट निघायच्या बेतात असताना वधूपित्यांचा फोन आला.

“एक बारीकसा बदल. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांऐवजी १२ वाजून ३८ मिनिटांचा करा. आणि अहो, तो ‘८’ जरा आपल्या मराठी वळणाचा बघा हं. मामा विचारत होते.”